कारंजं चालू हाय

तात्यांचा मला अजून राग येतो. माणूस गेला की त्याच्याबद्दलचा राग विझतो म्हणतात. माझा विझला नाही. मार्च सरला, उन्हाची झळ लागायला लागली, की तो आपोआप पेट घेतो आणि मृगापर्यंत पुरतो.

इंदापुरात त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. पहिल्या दिवशी बॅग हातातच होती, तेव्हा त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"बारामती."

"म्हंजी हेडवालं," बायकोकडं, म्हणजे काकूंकडं बघून ते म्हणाले, जणू मी बॅगेत साप घालून आणला होता. "तुमी अंगुळी करायच्या, गाड्या धुवायच्या, आन् त्यातनं उरलं तर आमी पिकं काढायची. बरं. आलाय तर ऱ्हावा."

भाडेकरूशी बोलायची ही काय पद्धत झाली? पण खोली हवेशीर होती, एसटी स्टँड जवळ होतं, म्हणून गिळलं.

तात्या कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. कालव्याची जिथून सुरुवात होते त्याला हेड म्हणतात आणि जिथं तो संपतो त्याला टेल. आमच्याकडून कालवा इंदापूरकडं जातो, त्यामुळं दोन्ही तालुक्यांत एकमेकांना टोमणे मारायला विषय शोधावा लागत नाही. तात्यांचा जन्म टेलचा, नोकरी टेलची, घरही टेललाच बांधलेलं. पाण्याची पाळी सोडायची ती टेलकडून सोडायची, म्हणजे शेवटचं शेत आधी भिजवायचं आणि मग मागं मागं येत हेडपर्यंत यायचं, असा त्यांच्या खात्यातला जुना नियम. कागदावर सगळेच मानतात. तात्यांनी तो अंगाला लावून घेतला होता.

"हेडच्या माणसाच्या दारातनंच पाणी जातंय," ते म्हणायचे. "तेनं हात घातला की तेला मिळतंय. तेला कशाला आधी द्यायचं? टेलच्या माणसाला बाकीच्या समद्यांनी सोडलं तरच मिळणार."

नियम कालव्यापुरता ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. तात्यांनी तो चहाला लावला. घरी चार माणसं आली की पहिला कप शेवटी आलेल्याला. मी त्याच घरात राहणारा, म्हणजे नेहमीच आधी हजर, म्हणजे नेहमीच गार चहा. वर साय धरलेली. त्यांनी तो नळाला लावला. सकाळी खालची मोटार चालू झाली की पाणी आधी माडीवर सोडायचं, कारण घराच्या पाइपाचा टेल म्हणजे माझी खोली. मी बादली भरून घेईपर्यंत तात्या स्वतः टॉवेल गुंडाळून अंगणात उभे. मग खालून हाक यायची, "आलं का टेलला?" मी वरून "आलं" म्हटल्याशिवाय ते खालचा नळ सोडत नसत. साडेसहाला, रोज, रविवारीसुद्धा. झोप मोडायची आणि मी चिडायचो. आपल्याला आधी पाणी मिळतंय हे माझ्या टाळक्यात तीन वर्षांत एकदाही आलं नाही.

कऱ्हाटीला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, तेव्हा मलाही नेलं. पंगत बसली. वरच्या टोकाला व्याही, त्यांचे भाऊबंद, फेटेवाले. वाढपी परात घेऊन तिकडं निघाले, तर तात्या आडवे. "तिकडनं न्हाय. शेवटाकडनं." शेवटाला कोण? बँडवाले, मंडपवाले आणि मी. जिलबी आमच्यापासून सुरू झाली आणि व्याह्यांच्या चार पानं अलीकडं संपली. व्याही ताटावरून उठला. पुढं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नवरीचा बाप, म्हणजे तात्यांचा सख्खा भाऊ, भर मांडवात रडला. परतीच्या गाडीत काकू खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुमची ती शेवटाकडनंची पंगत माझ्या दारात पुन्यांदा नको. माझी शप्पथ हाय." तात्या म्हणाले, "बँडवाल्यानं सात जिलब्या खाल्ल्या." त्यांना तेवढंच दिसलं होतं.

आता टीव्हीचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं.

तात्यांच्या मुलानं पुण्याहून मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला होता, सोबत इंटरनेटही. त्यावर तात्यांना एक मालिका सापडली. परदेशी, हिंदीत डब केलेली. पृथ्वी संपलीय, माणसं एका प्रचंड यानात बसून दुसऱ्या ग्रहाकडं निघालीत, पोचायला दोनशे वर्षं लागणार. यानाचे बारा भाग, एकामागं एक. तात्या त्यांना डबे म्हणत. पहिल्या डब्यात कॅप्टन आणि अधिकारी, शेवटच्या डब्यात यंत्रं पुसणारी माणसं. तात्यांनी पहिला भाग पाहिला आणि म्हणाले, "ही तर चारी हाय." चारी म्हणजे कालव्याची फांदी. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी पाचला एक भाग. एकच. प्रेक्षक चौघं: तात्या, गहू निवडत बसलेल्या काकू, शेजारचे गणिताचे निवृत्त मास्तर आणि मी. मला यायचं नसलं तरी यावं लागे, कारण रिमोट तात्यांना वळत नसे.

भाग संपला तरी उठायची सोय नाही. शेवटी नावांची यादी वर सरकते, ती पूर्ण बघायची. हल्ली यादी सुरू झाली की ती कोपऱ्यात बारीक होते आणि 'पुढचा भाग सुरू होत आहे' असं येतं. तात्यांना याचा भयंकर संताप. "अरं, धर तेला! माणसांनी राबून केलंय, त्यांची नावं बी बघू देईना!" मग मी धावत रिमोट दाबायचो, यादी मोठी करायचो, आणि आम्ही चौघं कुठल्या देशातल्या कुठल्या ड्रायव्हरचं, कुठल्या जेवण वाढणाऱ्याचं नाव येईपर्यंत गप्प बसायचो. तात्यांना इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. तरी शेवटची ओळ गेली की मान डोलवायचे.

त्यानंतर पंचनामा. हा त्यांचाच शब्द. पाणीचोरी सापडली की करतात तसा भागाचा पंचनामा करायचा, प्रत्येकानं बोलायचं, आणि अर्थातच शेवटी आलेल्यानं आधी. मास्तर बहुतेक वेळा झोपलेले असत, तरी बोलत. काकूंना त्या यानात भाकरी कोण करतं याची काळजी. मी थोडा शहाणपणा करायचो, हे वैज्ञानिकदृष्ट्या शक्य नाही वगैरे. तात्या म्हणायचे, "शक्य न्हाय ते मला बी कळतंय. माणसं कशी वागत्यात ते सांग."

मी त्या वेळी एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो. दहाबारा गावांना एकाच मोठ्या पाइपलाइननं पिण्याचं पाणी द्यायची योजना. मी सकाळी गावोगावचे व्हॉल्व्ह सोडायचो, बंद करायचो. शेतोशेती पाटाचं पाणी सोडणाऱ्याला पाटकरी म्हणतात; तात्या मला कौतुकानं "आमचा पाटकरी" म्हणायचे. हे कौतुक मला आवडायचं, हे आता कबूल करतो.

त्या वर्षी मे महिन्यात टाकीतलं पाणी खाली गेलं. शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "शेवटची लाईन आठ दिवस बंद ठेवा. सोमवारपासून. टँकर पाठवू." शेवटची लाईन म्हणजे माळावरची एक वस्ती, साठेक घरं. मी "हो साहेब" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शनिवारी मला नीट जेवण गेलं नाही, पण तेही उन्हामुळं असेल असं मी धरून चाललो.

आणि रविवारी, नेमका त्याच रविवारी, सातवा भाग.

यानावर दगड आदळतो. हवा गळायला लागते. राहिलेली हवा सगळ्यांना पुरणार नाही. बाराव्या डब्यात चाळीस माणसं, बाकी अकरा डब्यांत मिळून हजारावर. कॅप्टन एक बाई असते. ती बराच वेळ खिडकीतून तारे बघते आणि मग हुकूम देते: बारावा डबा बंद करा. जाड लोखंडी दार खाली येतं. पलीकडचा एक माणूस काचेला तळवा टेकून उभा राहतो, ओरडत नाही, काही नाही. बाईच्या गालावरून पाणी ओघळतं. ती त्याला सलाम करते. व्हायोलिन वाजतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मास्तर शेवटी आले होते. ते म्हणाले, "गणित बरोबर आहे. चाळीस विरुद्ध हजार."

काकू म्हणाल्या, "त्या चाळिसांना कुणी इचारलं व्हतं का?"

मग माझी पाळी. आणि मी सुटलोच. म्हणालो, टीका करणं सोपं असतं काकू, पण ज्याच्यावर जबाबदारी असते त्यालाच कळतं. काही निर्णय कुणाला तरी घ्यावेच लागतात. ती बाई काय हौसेनं करतेय का? तिला दुःख नाही का होत? शेवटच्यांना वाचवायला जाऊन सगळेच मेले असते तर कोण जबाबदार? असं मी बोलतच राहिलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मास्तरांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, इतका माझा आवाज चढला होता.

तात्यांनी रिमोटकडं बोट केलं. म्हणाले, "मागं घे."

मी मागं घेतलं.

"आता सोड जरासं. हां. हितं थांबव. काय दिसतंय?"

"बाई रडतेय."

"तिच्या मागं."

बाईच्या मागं काच होती. काचेपलीकडं पहिल्या डब्यातली बाग, धूसर. आणि बागेच्या मधोमध, अंगठ्याएवढं, पांढरं काहीतरी हलताना मी मघाशी पाहिलं असावं. तात्या उठले, टीव्हीजवळ गेले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"कारंजं चालू हाय."

"अहो तात्या, तो सेट आहे. शूटिंगवाल्यांनी शोभेसाठी..."

"हवा पुरना म्हणून चाळीस माणसं कोंडली. हवा करायच्या मशिनीला लाईट लागती, तिसऱ्या भागात तेंनीच सांगितलंय. कारंज्याला बी लाईटच लागती. मग आधी कारंजं का न्हाय बंद केलं?"

मास्तर म्हणाले, "त्यानं कितीसा फरक पडणार?"

"न्हाय पडू दे! बंद करून बघितलं का? बाग बंद केली? पहिल्या डब्यातल्या साहेबांना म्हणली का, दोन घासाची हवा कमी घ्या? डायरेक शेवटचा डबा. आन् वर रडती!" त्यांचा आवाज फाटला. "पस्तीस वरसं मी हेच बघितलं. माणूस समोर हुभा ऱ्हाऊन रडायचा, साहेब, पाणी न्हाय, मेलो. मी कदी तेच्या तोंडाकडं बघितलं न्हाय. तेच्या मागं बघायचो. मागं ऊस हिरवागार असला की ते रडणं मी पंचनाम्यात लिवत न्हवतो."

एवढं बोलून ते माझ्याकडं वळले. डोळे बारीक केले. "आन् तू एवढा का तापलाईस? कुणाचं पाणी बंद करायला सांगितलंय तुला?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. शेवटची वस्ती, आठ दिवस, टँकर.

"कारंजं शोधलंस?"

"तात्या, ही टीव्हीवरची गोष्ट नाही."

"कारंजं शोधलंस का, इचारतोय."

तेव्हा माझाही तोल गेला. या माणसानं मला तीन वर्षं हेडवाला म्हणून हिणवलं, गार चहा पाजला, साडेसहाला उठवलं, आणि आता चौघांत गुन्हेगारासारखं उभं केलं. मला एकदम वाटलं की याच्या मागंच काहीतरी आहे. एवढा राग उगाच कुणी बाळगत नाही. मी म्हणालो, "तुमच्या हातून कोण मेलं होतं, तात्या? कधीतरी तुम्हीही टेल बंद केला असणार. तेच खातंय ना तुम्हाला इतकी वर्षं?"

काकूंचा गव्हातला हात थांबला.

तात्या टीव्हीपासून परत येऊन खाली बसले. मला वाटलं आता येणार, मनात दडवलेलं काहीतरी बाहेर येणार.

"कोण न्हाय मेलं," ते म्हणाले. "माज्या हातनं बी न्हाय आन् माज्या डोळ्यादेखत बी न्हाय. पिकं वाळली, लोकांनी दुसरी लावली. कोण मरत न्हाय रं टेलला. तितली माणसं लांबनं पाणी आणत्यात, घासभर कमी खात्यात, पोरी शाळा सोडत्यात, आन् जगत्यात. म्हणून तर तुमाला फावतंय. माणूस मरायला लागतो व्हय, राग यायला?"

या सगळ्यात माझ्याकडून रिमोट दाबला गेला असावा; थांबवलेलं चित्र सुटून टीव्हीवर पुढचा भाग कधीच सुरू झाला होता. नावांची यादी पुन्हा येऊन निघून गेली होती. तात्यांचं लक्षसुद्धा नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेसहाला हाक आली नाही. मी आपणहून उठलो, तोंडाला साबण लावला आणि नळ सोडला. नळानं एक उसासा टाकला आणि गप्प झाला. डोळे चुरचुरायला लागले. कठड्यावरून खाली पाहिलं, तर तात्या अंगणातल्या दगडावर बसून निवांत अंघोळ करत होते. तांब्यावर तांब्या.

"तात्या! वर पाणी नाही!"

"म्हाइती हाय. कॅप्टनचा हुकूम हाय."

"माझ्या तोंडाला साबण आहे!"

"वाईट वाटतंय मला," ते म्हणाले आणि आणखी एक तांब्या ओतला. "पर काय करनार? खालच्या माणसांची संख्या जास्ती हाय."

"दोघं आहात तुम्ही!"

"दोन म्हंजी एकापेक्षा जास्तीच की. मास्तरला इचार." आणि ओल्या हातानं त्यांनी मला सलाम ठोकला.

तळपायाची आग मस्तकात गेली. कोरड्या टॉवेलनं तोंड खरवडलं, मोटरसायकलला लाथ मारली आणि माळावर गेलो. शेवटच्या लाईनचा व्हॉल्व्ह एका सिमेंटच्या खड्ड्यात आहे. त्याला लांब चावी लावून फिरवावी लागते, एकट्यानं फिरवायची म्हणजे अंगातलं पाणी निघतं. त्या दिवशी ती मी एका दमात फिरवली. खरं सांगतो, साहेबांचा हुकूम म्हणून फिरवली नाही. तात्यांच्या नाकावर टिच्चून फिरवली. साठ घरांचं पाणी मी एका म्हाताऱ्यावरच्या रागापायी तोडलं, आणि तोडताना मला बरं वाटलं.

परत येताना हायवेच्या कडेला एक मंगल कार्यालय लागतं. रोज लागायचं. पुढं हिरवळ, चांगली अर्धा एकर, आणि मधोमध फिरत्या तोटीनं पाणी उडत होतं. मेच्या रखरखाटात, सकाळी आठला. ही हिरवळ मी दोन वर्षं बघत होतो. त्याचं कनेक्शन आमच्याच लाईनवरचं, हेडला, मीच ते रोज सोडायचो. मी गाडी थांबवली. थांबवायला नको होती. तात्यांनी आदल्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर मी थांबलो नसतो, आणि मला ते दिसलंच नसतं. माझा त्यांच्यावरचा खरा राग हा आहे. त्यांनी मला माहीत नसण्याची सोय ठेवली नाही.

साहेबांना फोन केला. "साहेब, कार्यालयाचं कनेक्शन बंद केलं तर वस्तीला एक दिवसाआड तरी देता येईल." साहेब म्हणाले, "लग्नाच्या तारखा आहेत. तुम्हाला सांगितलंय तेवढं करा." मी म्हटलं, "हो साहेब."

मग इथं मला लिहायला आवडलं असतं की मी मागं फिरलो, कार्यालयाचं पाणी तोडलं, वस्तीचं सोडलं, नोकरीवर लाथ मारली. तसं काही झालं नाही. मी आठही दिवस लाईन बंद ठेवली. पाचव्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या एकाच्या बहिणीचं लग्न त्याच कार्यालयात होतं. मी गेलो. त्या हिरवळीवर खुर्ची टाकून दोन वाट्या आमरस खाल्ला. पायाखालचं गवत ओलं लागत होतं.

सहाव्या दिवशी टँकरबरोबर वस्तीवर जायची वेळ माझ्यावर आली. जाऊन बघतो तर तात्या हजर. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आले होते, डोक्याला उपरणं बांधलेलं, हातात काठी. बायकांची हंड्यांची रांग लागली होती आणि हे म्हातारं रांगेच्या शेवटाला उभं राहून टँकरवाल्याला ओरडत होतं, "हिकडनं! शेवटाकडनं सुरू कर!"

रांगेच्या तोंडाशी एक उंच बाई होती. ती हंडा खाली ठेवून तरातरा मागं आली.

"आबा, तुमी कोण ते मला ठावं न्हाय. मी पाच वाजल्यापासनं हुभी हाय. लेकरू घरात एकलं टाकून आली. ही आत्ता आली, भाकरी-कालवण उरकून. हिला आधी? कुठल्या कायद्यानं?"

तात्यांनी उगारलेली काठी खाली टेकवली. तीन वर्षांत त्यांना कुणी असं अडवलेलं मी पाहिलं नव्हतं. मनातल्या मनात मला उकळ्या फुटल्या. घ्या, म्हटलं. खा आता तुमचा टेल.

"तुजं बराबर हाय," ते बाईला म्हणाले. "तू घे आधी."

मग ते टँकरच्या सावलीला माझ्याजवळ आले. कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं हार कबूल करतील.

"ही समदी वस्ती टेल हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "साठच्या साठ घरं. इतकी वरसं ह्या बाया एकमेकीला साखर-पीठ देत आल्या. आन् तू नळ बंद करून त्येंच्यात बी एक हेड केलास आन् एक टेल केलास. आता त्या एकमेकीशी भांडतील आन् तुजं नाव बी कोण घ्यायचं न्हाय. कार्यालयाची हिरवळ बघितली मी येताना."

मी म्हणालो, "मी पण बघितली."

ते काठी टेकत रांगेकडं परत गेले. मी बघितली नव्हती असं म्हटलं असतं तर त्यांनी कदाचित मला शिव्या घातल्या असत्या. शिव्या परवडल्या असत्या.

आठ दिवस झाले, साहेबांचा फोन आला, मी लाईन सोडली. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी तक्रार केली नाही, कुणी आजारी पडल्याचंही कानावर आलं नाही. कुणालाही काहीही झालं नाही. घरी येऊन मी तात्यांना सांगितलं, "सोडलं पाणी. काही झालं नाही कुणाला." ते पेपर वाचत होते. "व्हय," म्हणाले. "कवाच होत न्हाय."

आठ दिवस बंद असलेलं माझ्या खोलीतलं पाणी दुसऱ्या दिवशीपासून पूर्वीसारखं यायला लागलं. नियमाप्रमाणं, आधी वर. त्यात तात्यांनी कसूर केली नाही. रविवारी पाचला मला बोलावलं, मी रिमोट धरला, नावं मोठी केली. पंचनामाही व्हायचा. फक्त सकाळची हाक बंद झाली. नळातून पाणी यायचं, बादली भरायची, मी कठड्याशी जाऊन उभा राहायचो. खाली तात्या टॉवेल गुंडाळून उभे असायचे, वर बघायचे नाहीत. पुरेसा वेळ झाला की आपला नळ सोडायचे. आलं का, हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. चार महिने असे काढले आणि मी बारामतीला बदली मागून घेतली.

गेल्या वर्षी तात्या वारले. तेराव्याला मी गेलो, मुद्दाम उशिरा, पंगत बसल्यावर. अंगणात मांडव होता. वरच्या टोकाला कऱ्हाटीचे भाऊ, थोरली माणसं, तात्यांचा मुलगा. मी फाटकाजवळ शेवटचं पान धरलं, म्हणजे लवकर उठून जाता येईल. वाढपी बुंदीची परात घेऊन वरच्या टोकाला निघाले.

"तिकडनं न्हाय."

काकू दारात उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घेतलेला, हातात झारा. त्यांनी घातलेली शपथ त्यांच्या दिराच्याही कानावर गेली असणार, कारण त्यानं चमकून वर पाहिलं.

"शेवटाकडनं वाढा," काकू म्हणाल्या. "कुणाला उठून जायचं आसंल तर जाऊ द्या."

कुणी उठलं नाही. परात सगळ्या पंगतीला वळसा घालून माझ्यासमोर आली. पहिली बुंदी माझ्या पानावर पडली. समोरची, शेजारची, सगळी पानं रिकामी, आणि माझं भरलेलं. बसलेल्या सगळ्यांत नेमकं माझं. मला तात्यांचा इतका संताप आला की घास हातातच राहिला. मेल्यावरही या माणसानं मला सुखानं जेवू दिलं नाही.

काकूंनी दारातूनच हाक दिली, अगदी तशीच, त्याच चालीत.

"आलं का टेलला?"

माझी मान वर होईना.

"आलं," मी म्हणालो.